कोरियाचा एक अख्खा केक

आदेश तोंडी होता, पण स्पष्ट होता.

"बाबा, बॉक्समध्ये बारा केक आहेत. त्यातला एक तुमचा. अख्खा. अर्धा नाही, चतकोर नाही. कापायचा नाही, कुणाला द्यायचा नाही. रविवारी दुपारी बाराला मी व्हिडिओ कॉल करते, तेव्हा माझ्यासमोर खायचा. कबूल?"

"कबूल. त्यात काय एवढं?" आनंदराज लोणे म्हणाले.

महसूल खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसानं "त्यात काय एवढं" असं म्हणायला नको होतं. भोकरच्या कचेरीत, त्यांच्या टेबलासमोर, हेच शब्द घेऊन आलेली माणसं पुढं सहा-सहा महिने खेटे घालत. त्यातल्या बऱ्याच जणांना खेटे घालायला खुद्द आनंदराजांनीच लावलं होतं. पण स्वतःवर वेळ आली की माणूस अनुभव बाजूला ठेवतो.

धम्मप्रिया ही त्यांची एकुलती एक मुलगी. शिष्यवृत्ती मिळवून कोरियात मातीवर पीएचडी करत होती. शेजारच्या शेषेराव पवळ्यांना हे कधी पटलं नाही. "माती आपल्याकडं कमी हाय का? भोकरच्या रानात या म्हणावं, पायजे तेवढी नेऊ द्या," असं ते दर दिवाळीला म्हणत.

आता एका केकसाठी एवढा कडक आदेश का, तर त्यामागं जुनं प्रकरण होतं. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, कुणा साहेबाची बदली, कुणाचा निरोप, काही असलं की कचेरीत समोसा नाहीतर लाडू वाटला जाई. आनंदराज तो कागदात गुंडाळून, बसच्या गर्दीतून जपत नांदेडला आणत आणि मुलीच्या हातात देत. "मी खाल्लाय. हा जास्तीचा होता." धम्मप्रियेला कितीतरी वर्षं वाटायचं की बाबांच्या कचेरीत समोसे नेहमी जास्तीचेच येतात. दहावीत असताना ती झेंडावंदनाला बाबांसोबत भोकरला गेली आणि तिनं पाहिलं, की माणशी एक मिळतो, मोजून. तिनं ते मनात नोंदवून ठेवलं. एकदम बारा वर्षांनी बॉक्सच पाठवला.

पहिली अडचण टपाल कचेरीत आली. पार्सलवर पत्ता बिनचूक होता, फोन नंबर बिनचूक होता, फक्त नावाच्या जागी धम्मप्रियेनं इंग्रजीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं: बाबा.

"तुमच्या आधार कार्डावर आनंदराज आहे," खिडकीतले गृहस्थ म्हणाले. "बाबा कोण?"

"मीच बाबा."

"कशावरून?"

आनंदराजांना राग यायला हवा होता. पण प्रश्न इतका कायदेशीर होता, की त्यांना मनातून कौतुकच वाटलं. त्यांच्या टेबलावर असा कागद आला असता तर त्यांनीही हेच विचारलं असतं, वर "उद्या या" म्हणाले असते. ते मुकाट्यानं घरी आले आणि पत्नी मनिषाताईंकडं रेशन कार्ड मागितलं. धम्मप्रिया परदेशी गेली तेव्हा तिचं नाव कार्डावरून कमी करा, असं चार जणांनी सुचवलं होतं. मनिषाताईंनी कार्डच लपवून ठेवलं होतं. त्यामुळं "धम्मप्रिया, मुलगी" अशी नोंद शाबूत होती. शिवाय आनंदराजांनी एक स्वयंघोषणापत्र लिहिलं. 'मी खाली सही करणार, आनंदराज साहेबराव लोणे, वय सत्तावन्न, राहणार नांदेड, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की मी धम्मप्रिया हिचा बाबा असून मजव्यतिरिक्त तिला अन्य बाबा नाही.' दोन साक्षीदार पाहिजेत म्हणून शेषेरावांची सही घेतली आणि दुसरी कोपऱ्यावरच्या किराणावाल्या ईश्वरप्पांची. खिडकीतल्या गृहस्थांनी तो कागद दोनदा वाचला, "मसुदा चांगलाय," म्हणाले आणि पार्सल दिलं.

मात्र साक्षीदारांची सही फुकट नसते. सही केलेल्या माणसाला ती कशासाठी केली हे बघायचा हक्क राहतो. सोमवारी संध्याकाळी बॉक्स फोडताना दोघंही आनंदराजांच्या बैठकीत हजर होते.

बॉक्स लालचुटूक होता. आत बारा चकचकीत पाकिटं एकाला एक चिकटून उभी होती. ईश्वरप्पांनी चष्मा लावला. उदगीरकडच्या लिंगायत घरातला माणूस, चाळीस वर्षं दुकानात बसलेला. पाकीट कुठलंही असो, आधी ते उलटं करायचं ही त्यांची रीत होती. त्यांनी ते उलटं केलं, आडवं केलं, दिव्याखाली धरलं.

"अय्यो. टिपका न्हाई."

"कसला टिपका?"

"हिरवा न्हाई का लाल न्हाई. शाकाहारी का मांसाहारी, कळावं कसं? आपल्याकडं चार आण्याच्या गोळीवर बी टिपका असतोय."

शेषेरावांनी हात मागं घेतला. श्रावण चालू होता. मग तारखेची पंचाईत निघाली. पाकिटावर आधी वर्ष, मग शून्य एक, मग दहा. ईश्वरप्पा म्हणाले, एक ऑक्टोबर. शेषेराव म्हणाले, दहा जानेवारी. बरं, ही माल तयार झाल्याची तारीख का माल संपायची? तयार झाल्याची असेल तर पुढचं वर्ष अजून उजाडायचं होतं. "फुडच्या साली तयार होणारा माल ह्या साली आला कसा?" हा शेषेरावांचा प्रश्न होता. शेवटी मनिषाताईंनी मोबाइलचा कॅमेरा पाकिटावर धरला, तसा मोबाइल कोरियन अक्षरांचं मराठी करून दाखवू लागला. गव्हाचं पीठ आलं, साखर आली, दूध आलं आणि चौथं अंडं आलं.

ईश्वरप्पा खुर्ची घेऊन दोन हात मागं सरकले.

"तरी पॅकिंग झकास हाय," ते लांबूनच म्हणाले. "एक द्या भाऊसाहेब. खायाला न्हाई. दुकानात काचंत ठिवतो. बाहेरचा माल हाय म्हून गिऱ्हाईक तरी थांबल."

शेषेरावांनीही एक उचलला. "आता न्हाई खाणार. पोळा झाला की श्रावण सुटतो, तवा खाईन. तोवर माझ्याकडं ठेव म्हणून राहू द्या. तुमच्याकडं टिकायचा न्हाई, तुमचा हात सढळ हाय."

आनंदराजांना हे बोलणं लागलं. पण तोपर्यंत त्यांनीच दोन केक दिले होते, त्यामुळं त्यांनी बॉक्स बंद केला.

मंगळवारी ते भोकरच्या बसमध्ये गप्प बसले असते तर निभावलं असतं. पण रोज अप-डाऊन करणाऱ्या माणसाला पन्नास किलोमीटर गप्प बसणं जमत नाही. बुधवारी नायब तहसीलदार मॅडम स्वतः म्हणाल्या, "लोणे, कोरियाचा केक एकट्यानेच?" गुरुवारी दोन केक कचेरीत गेले. खाणारी माणसं चौदा. आस्थापना शाखेनं पोलादी पट्टी काढली, नकाशे बघायचं भिंग आलं, आणि प्रत्येक केकाचे सात भाग पाडायचं ठरलं. वर्तुळाचे सात सारखे भाग करता येत नाहीत असं भूमापनवाल्यांचं लेखी मत पडलं. तरी केले. वर चॉकलेटचा थर होता, आत पांढरीशुभ्र, ताणली तर रबरासारखी लांबणारी साय निघाली. साबुदाण्याची असावी, असं शिपायानं सांगितलं आणि ते सगळ्यांना मान्य झालं. वाटप झाल्यावर लक्षात आलं की आनंदराजांना धरून माणसं पंधरा होती.

"मी घरी खाल्लाय," आनंदराज म्हणाले.

घरी आल्यावर मनिषाताईंनी विचारलं, "कसा लागला हो?"

"कचेरीत सगळ्यांना आवडला," आनंदराज म्हणाले. एका अर्थी हे खरं होतं.

राहिले आठ. आठातला एक गेला तरी सात हाताशी राहतात, एवढं गणित त्यांना येत होतं. पण बौद्धांचा पावसाळ्यातला वर्षावास चालू होता. विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन व्हायचं आणि त्यानंतरची खीर एकेका घराकडं असायची. शुक्रवारी लोण्यांची पाळी होती. त्यात विहारातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या चांगुणाबाई सकाळीच घरी येऊन टेकल्या.

"कोरिया म्हंजे बुद्धाचा देस. हाव का न्हाई?"

"हाव."

"मंग तिथून आलेलं एकट्यानं खाऊ न्हाई. समद्याच्या मुखात कणभर तरी पडाया पायजे."

"मावशी, विहारात साठ-पासष्ट माणसं असतात. केक सात," मनिषाताई म्हणाल्या.

"पातेलं हाय की तुझ्याकडं," चांगुणाबाई म्हणाल्या आणि चहा पिऊन गेल्या.

हा सल्ला होता का निकाल, हे मनिषाताईंना विचारायला सवड झाली नाही. त्यांनी एक केक तूरडाळीच्या डब्यात, डाळीखाली पुरून ठेवला. बाकीचे सात कुस्करले आणि तांदळाच्या खिरीत सोडले. दहा लिटर दुधाची खीर बघता बघता विटकरी झाली.

पुढचं फार वेगानं घडलं. पहिली वाटी ज्यांच्या हातात पडली त्यांनी ती नाकाशी नेली, शेजारणीकडं पाहिलं, आणि शेजारीण हळूच म्हणाली, "लागली वाटतं बुडाला." ही बातमी खिरीच्या पुढं धावली. मनिषाताई प्रत्येक वाटीबरोबर सांगत होत्या की केक आहे, कोरियाचा आहे, रंगच तसा आहे. लोक फार समंजसपणे मान हलवत होते. करपलेल्या खिरीसाठी कोरियापर्यंत जाणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती. चांगुणाबाईंनी दोन वाट्या खाल्ल्या आणि जाताना मनिषाताईंच्या पाठीवर हात ठेवला. "व्हतं बाई येकांद्या येळी. लई मनाला लावून घेऊ नगं."

आनंदराज त्या वेळी दारात चपला नीट लावत होते, त्यामुळं त्यांना खीर मिळाली नाही. पातेलं परत आलं ते घासल्यासारखं मोकळं होतं. तीस वर्षांत मनिषाताईंची खीर कधी करपली नव्हती. निदान तसं कुणी म्हटलं नव्हतं. त्या रात्री आणि पूर्ण शनिवारभर त्या पुन्हा पुन्हा एकच विचारत होत्या.

"खरं सांगा, करपली व्हती का हो?"

"न्हाई गं."

"मंग लोक खोटं बोलून राहिले का?"

आनंदराजांनी खीर चाखलीच नव्हती. बायकोच्या इज्जतीला ठेच लागली आहे, दोन दिवसांत भरून निघेल, असं धरून त्यांनी विषय सोडला.

रविवार उजाडला. साडेदहाला आनंदराजांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, डाळीच्या डब्यातून केक उकरून काढला, झटकला आणि टेबलावर ताटलीत ठेवला. अकराला शेषेरावांच्या आई उमाबाई काठी टेकत आत आल्या. वय ऐंशीच्या पुढं. त्यांनी ताटलीकडं पाहिलं.

"हेच का ते कोरेचं?"

"हाव, काकू. पण त्यात अंडं हाय. तुमचा श्रावण हाय ना?"

"मला दात कुठं हायत? चावून खाल्लं तर मोडतो श्रावण. मऊ असंल तर आपसूक गेल्यालं काय मोजायचं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "शेषेरावच्या कपाटात व्हता एक. त्यो मला दावत बी न्हाई."

ऐंशी वर्षांच्या बाईला तोंडावर नाही म्हणायची रीत आनंदराजांना माहीत नव्हती. अशा वेळी तोंडातून काय निघतं, हे मात्र एकतीस वर्षांच्या सरावानं पक्कं झालं होतं.

"घ्या काकू. मी खाल्लाय."

उमाबाईंनी केक जिभेवर विरघळवत, डोळे मिटून, वीस मिनिटं खाल्ला. मनिषाताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून नवऱ्याकडं पाहत होत्या.

साडेअकरा वाजले होते. आता अर्ध्या तासात पोरगी पडद्यावर येणार आणि ताटलीत काही नसणार. समोसे जास्तीचे होते हे खोटं चौदा-पंधरा वर्षं पचलं होतं. हे अर्धा तासही पचलं नसतं. आनंदराजांना खरोखर भीती वाटली. साहेबांच्या तपासणीला कधी वाटली नव्हती एवढी. ते चप्पल घालून शेषेरावांकडं गेले.

"शेषेराव, ती ठेव परत पाहिजे."

शेषेरावांनी बायको कुठं आहे ते पाहिलं आणि त्यांना दंडाला धरून गोठ्याच्या बाजूला नेलं. "भाऊसाहेब, मामला नाजूक हाय. मंगळवारीच खाल्ला."

"श्रावणात?"

"दार लावून खाल्ला. सिंधुला कळलं तर पोळ्याला बैलाच्या जागी मला उभं करंल." मग त्यांनी आवाज आणखी खाली घेतला. "पर लई भारी हाय, बरं का. तुमाला तर म्हाईतच असंल."

राहिले ईश्वरप्पा. त्यांच्या दुकानात काचेच्या बरणीत केक पहुडला होता. वर चिठ्ठी: 'कोरिया. विक्रीस नाही. हात लावू नये.' मुख्य म्हणजे केक शाबूत होता. आनंदराजांना सबंध आठवड्यात पहिल्यांदा अंड्याचे उपकार वाटले. ईश्वरप्पांनी कारण विचारलं. आनंदराजांनी खरं सांगितलं, कारण खोटं सुचायला वेळ नव्हता.

"लेकीसमोर खायाचाय? मंग न्या की," ईश्वरप्पा म्हणाले. त्यांनी केक हातानं नाही, चिमट्यानं उचलून दिला. सहा दिवस बल्बखाली राहून तो विरघळला होता, पुन्हा घट्ट झाला होता आणि आता भाकरीसारखा चपटा दिसत होता.

बाराला दोन मिनिटं कमी असताना आनंदराज खुर्चीत बसले. सदरा घामानं भिजला होता. फोन वाजला.

"बाबा, पाकीट दाखवा. आधी उघडलेलं नाही ना?" धम्मप्रियेनं बारकाईनं पाहिलं. "असा चपटा का झालाय?"

"हवामान," आनंदराज म्हणाले.

"बरं. आता खा."

आनंदराजांनी पाकीट फाडलं. मग सवयीप्रमाणं खाण्याआधी विचारलं, "तुला कसा लागला?"

"मला?" धम्मप्रियेनं क्षणभर बाजूला पाहिलं. "मी खाल्लाय बाबा. खूपदा. तुम्ही खा."

आनंदराजांचा हात तिथंच थांबला. हे वाक्य ते एकतीस वर्षं बोलत आले होते. बोलताना नजर किती बाजूला जाते, पुढचं 'तुम्ही खा' किती घाईनं येतं, यातलं सगळं त्यांना ठाऊक होतं. कचेरीत समोरच्याचा कागद बनावट निघाला की ते ज्या शांतपणे विचारत, त्याच शांतपणे त्यांनी विचारलं, "आत काय असतं गं ह्याच्या?"

"आत? चॉकलेट. चॉकलेटच असतं, बाबा."

"धम्मे, आत पांढरं असतं."

आनंदराजांना एकदम भरून आलं आणि ते लपवावं असंही वाटलं नाही. पोरीला शिकवायचं म्हणून त्यांनी काय काय केलं होतं, आणि ती नेमकं हेच शिकली होती.

"एकच बॉक्स घेतला होता," ती खाली बघत म्हणाली. "वाटलं, आधी तुमच्याकडं पोचू दे. मग घेऊ, मग घेऊ करत राहूनच गेलं."

"खोलीखाली दुकान आहे?"

"आहे."

"मग जा. एक आण. अख्खा. माझ्यासमोर खायचा. तोवर मी तोंड लावणार नाही."

आनंदराज आणि मनिषाताईंनी पडद्यावर जिना हलताना पाहिला, कोरियाचं आभाळ पाहिलं, मग दुकानाच्या पायरीवर टेकलेली धम्मप्रिया पाहिली. तिच्या हातातला केक फुगीर होता. दोघांनी एकदम घास घेतला. साय ताणत होती, तिकडंही आणि इकडंही.

"बाबा, चांगलाय की हो!" ती रडत होती का हसत होती, सांगणं अवघड होतं.

"बरा हाय," आनंदराज तोंड भरून म्हणाले. अर्धा खाऊन झाला होता. एवढा मोठा घास त्यांनी कुणाला न विचारता कधी खाल्ला नव्हता.

"आई कुठंय? आई, तुला कसा लागला?"

"मी खाल्लाय की," मनिषाताई दारातून म्हणाल्या. "खिरीत." आणि त्या कपबश्या उचलू लागल्या.

आनंदराजांनी चावणं थांबवलं. त्यांनी बायकोकडं पाहिलं, मग हातातल्या अर्ध्या केकाकडं, आणि तो तिच्यापुढं धरला.

"मला कशाला? तुमाला अख्खा खायचा हुकूम हाय."

"आई, हुकूम मी मागं घेतला," कोरियाहून आवाज आला. "खा तू."

मनिषाताईंनी हात पदराला पुसले. तुकडा घेतला, दाताखाली धरला, आणि भिंतीकडं बघत चघळत राहिल्या. खिरीला आलेला तोच कडवट वास ह्या चॉकलेटला होता. मग त्यांचा चेहरा असा काही मोकळा झाला, की तीन दिवसांत तसा दिसला नव्हता.

"म्हंजे," त्या म्हणाल्या, "खीर करपली नव्हती."